उजनीच्या काठावरच्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. आईला तिच्या बुडालेल्या माहेरी नेलंत, त्याचे फोनवर आभार मानायला गेलो तर 'त्यात काय एवढं' म्हणत तुम्ही फोनच ठेवलात. म्हणून आता चारचौघांत लिहितो.

उजनी धरण मायनसमध्ये गेल्याची, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाच्या साठ्याला हात लागल्याची बातमी आली की आमच्या आईचं सोलापूरच्या घरात चित्त लागत नाही. १९८० साली उजनी पूर्ण झालं आणि करमाळा तालुक्यातलं तिचं माहेर धरणाच्या जलाशयाच्या, यशवंतसागराच्या पोटात गेलं. मामांना दुसरीकडे जमीन मिळाली, सिमेंटची घरं झाली, पण नव्या गावठाणात ती पाहुणीसारखीच वावरते. तिला जायचं असतं ते जुन्या जोत्यांपाशी. ती उघडी पडतात तेही एखाद्या उन्हाळ्यात, कारण तळाचा मृतसाठाच त्रेसष्ट टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. तो आटल्याखेरीज गाव काही दिसत नाही.

तिला तिथं न्यायला तुमच्याआधी ज्यांना विचारलं त्यांचीही तऱ्हा सांगतो. एका गाडीवाल्यानं ॲडव्हान्स घेतला आणि पळसदेवला नेऊन उतरवलं. पळसनाथाचं देऊळ सुंदरच आहे, वीरगळी बघत मी तासभर फिरलो असतो. पण ते पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यात! वर म्हणतो, "मावशी, तुमच्या गावात नुसते दगड. इथं फोटो चांगले येतात." एका ओळखीच्या साहेबांनी 'बघू की' म्हणत म्हणत पावसाळा आणला. पुण्याकडं पाऊस कोसळला की आपल्याकडं थेंब नसताना उजनी चढते. चढली, आणि ते वर्ष गेलं.

तुम्ही मात्र जाळी तशीच टाकून निघालात. भेगाळलेला गाळ, वेड्या बाभळी, पाण्यामागं पळत गेलेल्या मोटारींच्या पाइपा, सगळं ओलांडत आईच्या चालीनं चाललात. वाटेत खापरं, फुटकं जातं, दगडात कोरलेलं उखळ. आई सांगत होती, ही वेस, हा मारुतीचा पार, इथं आड होता. तुम्ही मान डोलावत होता, जणू तुम्हाला दिसतच होतं सगळं. तुमचा तर जन्मही तेव्हाचा नसणार.

मग तिचं घर आलं. घर म्हणजे काय, कमरेएवढी भिंत आणि उंबऱ्याचा एक झिजलेला दगड. मी सरळ आत शिरलो. तुम्ही थांबलात, चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या आणि मग पाय आत टाकलात. भर दुपारी, तापलेल्या दगडावर. मी म्हटलं, अहो, पाय भाजतील. तुम्ही म्हणालात, "आत्याचं घर हाय, पायताण घालून कसं जायचं?"

छप्पर नाही, दार नाही, चाळीसहून जास्त वर्षं आत मासे फिरतायत. तिथं तुम्ही परवानगी घेतल्यासारखे आत आलात. आईनं तुम्हाला 'बस रे बाबा' म्हटलं आणि तुम्ही खरंच ओट्यावर मांडी घालून बसलात. घरी परतल्यावर तिनं शेजारणींना त्या ओट्याचं किंवा आडाचं काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते तुमच्या चपलांचं.

देवळाच्या शिखरावर बूट घालून चढणारी, रील काढणारी पोरं आम्ही पळसदेवला पाहिली होती. त्यांना कुणी शिकवलं नसेल, असंही नाही. तुम्हालाही कुणी मुद्दाम शिकवलं असेल असं वाटत नाही. काही घरांत ते असतंच, आणि तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

पैसे तर तुम्ही घेतले नाहीतच. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सहकुटुंब या, मुक्काम आमच्याकडेच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देण्याचं आईनं आत्ताच ठरवलंय.

आणि तिचा एक निरोप. घराच्या मागच्या अंगाला जमिनीत खणलेलं धान्याचं पेव होतं. गाळानं भरून सपाट दिसत असलं तरी आत जमीन पोकळ असेल. जाळी टाकायला तिकडून जाऊ नका, पोरांनाही सांगून ठेवा.