बाबांच्या प्लेअरसाठी सागवानी ठोकळा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मामा शनिवारी चिपळूणला येतोय, त्याच्याकडे एक सागवानी ठोकळा देते आहे. पेपरवेट समजून बाजूला सारू नका. बाबा, तो तुमच्या प्लेअरचा चार्जर आहे. ती बारीक पिन उजेडाकडे धरून सरळ-उलटी बघायची आणि मग खुपसायची, हे आता बंद. हात थरथरत असताना तिच्याशी झटापट कशाला? शिवाय उलटी रेटली की सॉकेट ढिला होतो, आणि तो गेला की प्लेअर गेलाच.

आता प्लेअर खाचेत नुसता टेकवायचा. खट्‌ आवाज येईल, चिकटेल. ओढला की सुटेल.

आत काय आहे हे विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही, म्हणून सांगते. खाचेत निओडिमियमची दोन चुंबकं आहेत, शर्टाच्या बटणाएवढी. प्लेअरच्या पाठीला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून चिकटवलाय. (आईच्या एखाद्या स्टीलच्या डब्याचं झाकण ढापणार होते, पण चांगल्या स्टीलला चुंबक धरतच नाही.) चुंबकांच्या मध्ये स्प्रिंगच्या तीन पिना: मधली अधिक, कडेच्या दोन्ही उणे. म्हणून प्लेअर कसाही फिरवून टेकवा, जोडणी बरोबरच होते. युक्ती माझी नाही. ॲपलने २००६ साली लॅपटॉपच्या चुंबकी चार्जरला अशाच दोन्हीकडून सारख्या पिना दिल्या होत्या. त्याच्याही आधी जपानमध्ये तळणीच्या विजेच्या भांड्यांना चुंबकाने चिकटणारी वायर असायची. पाय अडकला तर वायर निघून यावी, उकळतं तेल अंगावर येऊ नये म्हणून. आई, हे तुला नक्की पटेल.

तारांना डाख देऊन झाल्यावरच चुंबकं बसवली. साधारण ८० अंशांच्या वर तापली की त्यांचा जोर कायमचा उतरतो.

ठोकळा कुठे ठेवायचा ते मात्र नीट ऐका. कॅसेटच्या फळीवर अजिबात नको. आजीच्या ओव्यांची कॅसेट तिथेच आहे, आणि टेपवरचा आवाज म्हणजे मुळात चुंबकाचंच काम; जवळ जोरदार चुंबक आलं की पुसला जातो. प्लेअरमधल्या गाण्यांना काही होत नाही, ती चिपवर असतात. आत्या राहायला आली की ठोकळा तिच्या छातीपासून वीतभर तरी लांब असू दे. चुंबकामुळे पेसमेकरची चाल बदलते. तिने प्लेअर झब्ब्याच्या खिशात घातला तर चालेल, त्यावर नुसता पत्रा आहे.

खाचेत किल्ल्या, सुटे पैसे टाकू नका. ५ व्होल्टचा झटका बसत नाही, पण पिना एकमेकींना जोडल्या गेल्या तर तापतात. पावसाळ्यात प्लेअरमागच्या पितळी पट्ट्या काळवंडतील, तेव्हा खोडरबराने घासा. ठोकळ्यातल्या पिनांना सोन्याचा मुलामा आहे, त्या फक्त कोरड्या फडक्याने पुसायच्या.

गाणी भरायला आणखी दोन तारा लागतात, त्या मी जोडल्याच नाहीत. नवीन गाणी गणपतीत आले की जुन्या केबलने भरून देईन. कुमारांची कुठली हवीत आणि आईला कुठले अभंग, ते तोवर लिहून ठेवा. यादी बाबांच्या अक्षरात नको, आईच्या अक्षरात हवी.

तुमची,
सोनू