कापाकापी नवी नाही

महोदय,

रविवार पुरवणीतला जुन्या रेकॉर्डवरचा लेख आवडला. पण रीएडिट (जुन्या गाण्याचे तुकडे कापून-जोडून केलेली नवी आवृत्ती) म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची मोडतोड, हा त्यातला सूर खटकला. मी २२ वर्षे डिस्को-फंकच्या रेकॉर्ड जमवतो आणि हे उद्योगही करतो, म्हणून लिहितो.

ही कापाकापी संगणकाच्या आधीची. १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या साल्सोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गायकवृंदाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे वॉल्टर गिबन्स या डीजेच्या हाती दिले. त्याने तीनेक मिनिटांचे गाणे नऊ मिनिटांच्या पुढे नेले आणि ते बारा इंची रेकॉर्डवर दुकानात विकायला आले. एवढ्या तबकडीवर खाचा ऐसपैस बसतात, बेस (खालचा, घुमणारा आवाज) दबत नाही.

गेल्या पावसाळ्यात चोर बाजारातून ‘सोल’ या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराची एक रेकॉर्ड आणली. त्यात नुसत्या ड्रमचा तुकडा जेमतेम चार आवर्तनांचा. तो लांबवायचा होता. पण वाजवणारा हाडामांसाचा, त्यामुळे लय मिनिटाला ११६ ठोक्यांवरून हळूच ११९वर सरकलेली. तुकडा तसाच पुन्हा जोडला, तर सांध्यावर लय एकदम ११९वरून ११६वर येणार आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळणार. तो सांधा बुजवायला तीन रात्री गेल्या. (शेजारच्या काकूंना तो ठेका आता पाठ आहे. तिसऱ्या रात्री त्यांनी बेल वाजवली.)

एक मात्र मान्य. मूळ कलावंतांची नावे गाळून कोऱ्या पांढऱ्या लेबलवर रीएडिट विकणारे आहेत. माझ्याकडेही तशा दोन आहेत. गाणी कोणाची, अजून छडा लागलेला नाही.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे