दोराचे टोक कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात डोंगरावरच्या एखाद्या देवस्थानाच्या पायऱ्यांचा विषय निघाला की बातम्यांत ‘रोपवे’, ‘ट्रॉली’ आणि ‘फ्युनिक्युलर’ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने छापले जातात. रायगडावर १९९६ पासून चालतो तो रोपवे; त्याचे पाळणे हवेत लटकतात. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये सुरू झाली ती फ्युनिक्युलर. तिचे डबे रुळांवर बसतात, दोर फक्त ओढतो. म्हणजे काय तपासायचे आणि कुठे तपासायचे, तेही दोहोंत वेगळे.

फ्युनिक्युलरचे तत्त्व विहिरीवरच्या कप्पीचे. एका दोराच्या दोन टोकांना दोन कळश्या. एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. डब्यांचे वजन परस्पर तोलले जाते, मोटरला प्रवाशांतला फरक आणि घर्षण एवढेच ओढावे लागते. रूळ एकेरी, फक्त मध्यावर, जिथे डबे समोरासमोर येतात तिथे, मार्ग दुहेरी होतो. तिथे सांधा हलवावा लागत नाही. प्रत्येक डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कडा असतात, दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि बिनकडांची. त्यामुळे एक डबा नेहमी डावीकडून, दुसरा उजवीकडून जातो आणि दोराला रुळांतल्या फटीतून वाट मिळते. ही युक्ती आब्ट या स्विस अभियंत्याची, १८८० च्या दशकातली.

हे वाहन मुळात सहलीसाठी नव्हे, चढावरच्या शहरांतल्या रोजच्या येण्याजाण्यासाठी आले: ल्यों १८६२, बुडापेस्ट १८७०, इस्तंबूल १८७५. झाग्रेबची तर अवघी ६६ मीटरची. पोर्तुगालमधल्या ब्रागाची १८८२ पासून पाण्यावर चालते. वरच्या डब्याची टाकी भरायची, खाली पोहोचला की रिकामी करायची. आपला पाऊस पाहून कुणाला हेही सुचेल, पण मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात ती टाकी भरायची कशाने?

आता मुद्द्याचे. लिस्बनची १८८५ ची ग्लोरिया फ्युनिक्युलर ३ सप्टेंबर २०२५ रोजी घसरली, १६ माणसे गेली. दोर सुटला तो वरच्या डब्यात जिथे जोडला होता तिथेच. त्या दिवशी सकाळी नजरेने तपासणी झाली होती, पण ती जागा सुटे भाग काढल्याशिवाय दिसतच नाही. दोराचे ठरलेले आयुष्य ६०० दिवस, वापर झाला होता ३३७ दिवस. तो दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणितच नव्हता, असे पुढे तपासात निघाले. चालकाने ब्रेक लावले; पण दुसऱ्या डब्याचा तोल सुटल्यावर ते पुरे पडले नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर दोराला याहून वाईट दिवस काढावे लागतील. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा लवकर जातो आणि वंगण सुकले की पाणी पेडांच्या आत शिरते. गाभा धाग्याचा असेल तर तो ओल धरून ठेवतो. बाहेरून दोर ठणठणीत, आतल्या तारा गंजलेल्या. म्हणून नुसती नजर पुरत नाही. दर ठरावीक मुदतीत, आतल्या तुटक्या-गंजक्या तारा बाहेरून टिपणारी चुंबकीय तपासणी हवी, कप्प्यांवरून जाणाऱ्या भागाचा व्यास मोजायला हवा, तुटलेल्या तारा मोजायला हव्यात. दोर डब्याला जोडणाऱ्या खोबणीत शिरतो तिथे तो पुन्हा पुन्हा वाकून थकतो. ते टोक ठरल्या मुदतीला कापून नव्याने बसवावे लागते. नवा दोर ताणून लांबतो, मग डबे फलाटापाशी नेमके थांबत नाहीत. तक्रार आली की लांबी जुळवायची, मोटरला दोष द्यायचा नाही.

रुळांखालची जमीनही बघावी. जांभ्याखालची चिकण माती जोरदार पाऊस मुरला की मऊ पडते, सरकते. गटार आधी, रूळ नंतर.

तेव्हा अशी योजना जाहीर होईल तेव्हा डब्याच्या रंगीत चित्राआधी निविदेतल्या तीन गोष्टी छापाव्यात. दोराच्या टोकाची तपासणी कोण आणि किती दिवसांनी करणार? दोर तुटला तर प्रत्येक डबा स्वतःच्या ब्रेकने, भरल्या वजनाने, सर्वांत तीव्र चढावर थांबतो का, आणि त्याची चाचणी कोणासमोर होणार? वीज गेली तर अडकलेल्या माणसांना उतरायला रुळांशेजारी पायऱ्या आहेत का?

आपला,
एक यंत्र अभियंता वाचक, रत्नागिरी