सहा तासांचा नियम फक्त आम्हालाच का?

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार. सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली की सहा तासांत सरकारला कळवायचा नियम आम्हाला आहे. पण सॉफ्टवेअरमध्ये भगदाड सापडल्याची खबर आम्हाला कधी मिळणार, हे विचारायला हे पत्र.

मी कोल्हापुरात बसून वीस-पंचवीस गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळतो. एक पतसंस्था, दोन शाळा, मंगल कार्यालय, एक चपलांचे व्यापारी, असे लोक. साइट, ईमेल, डेटाबेस, बॅकअप हे सगळं होस्टिंगच्या (म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या सर्व्हरच्या) कंट्रोल पॅनेलमधून, एकाच लॉगिनवर चालतं. वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा दारालाच खुंटीवर टांगावा, तसला प्रकार.

2024 च्या दिवाळीत सायबरपॅनेल नावाच्या अशाच एका कंट्रोल पॅनेलचं काय झालं, ते आपल्या खात्याला माहीत असेलच. 2.3.6 आवृत्तीतलं एक पान लॉगिन न विचारताच हुकूम घेत होतं. घातक चिन्हं अडवणारी चाळणी होती, पण ती फक्त 'पोस्ट' पद्धतीच्या विनंत्यांना (ब्राउझर सर्व्हरला माहिती पाठवतो त्या नेहमीच्या पद्धतीच्या). 'ऑप्शन्स' या दुसऱ्या पद्धतीने तेच पाठवलं की चाळणी चुकली आणि थेट रूटचे, म्हणजे अख्ख्या सर्व्हरच्या मालकाचे, अधिकार हातात. 23 ऑक्टोबरला दुरुस्ती कोडमध्ये आली, पण नवी आवृत्ती किंवा इशारा काही निघाला नाही. 27 तारखेला संशोधकाने तपशील जाहीर केले आणि ऐन वसुबारस-धनत्रयोदशीला पीएसऑक्स हे रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तुटून पडलं. जगभरात असे जवळपास 22,000 सर्व्हर उघडे होते.

त्याच आठवड्यात मी एका शाळेचा सर्व्हर उघडून पाहिला. पॅनेल वेगळं, पण आवृत्ती तीन वर्षं जुनी. होस्टिंग विकणाऱ्या मधल्या दुकानदाराला, म्हणजे रिसेलरला, फोन केला, तर म्हणाला, "साइट चालू आहे ना सर? मग कशाला हात लावताय?" चिडलो, पण त्याचं अगदीच चुकत नव्हतं. अपडेट केल्यावर साइट जिच्यावर चालते त्या पीएचपी भाषेची आवृत्ती बदलली आणि प्रवेशाचा फॉर्म बंद पडला. लक्ष्मीपूजनाची दुपार त्यातच गेली.

आता मुद्द्याचं. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घुसखोरी कळली की सहा तासांत आम्ही सर्ट-इनला (आपल्याच खात्याच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवायचं, लॉग म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी 180 दिवस ठेवायच्या. मान्य. (लॉग त्याच मशीनवर असले तर रॅन्समवेअरमुळे तेही कुलपात जातात, ही गंमत वेगळी.) पण घुसखोरीआधी आम्हाला कोणी, किती तासांत कळवायचं? सर्ट-इनची सूचना इंग्रजीत संकेतस्थळावर लागते. चपलांचे व्यापारी ती वाचत नाहीत, त्यांचा रिसेलरही वाचत नाही.

वाट नव्याने पाडायचीही गरज नाही. बॉटनेट लागलेल्या, म्हणजे हॅकरच्या ताब्यात गेलेल्या, मशीनची खबर सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून इंटरनेट कंपन्यांमार्फत पोचवतंय. पॅनेलमध्ये असं भगदाड निघालं की देशातल्या उघड्या सर्व्हरची यादी त्याच वाटेने डेटा सेंटरला द्या. तिथून रिसेलर आणि रिसेलरकडून प्रत्यक्ष गिऱ्हाईक, 24 तासांच्या आत, फोन किंवा एसएमएसने. कोणी कोणाला कधी कळवलं याची नोंद ठेवणं होस्टिंग विकणाऱ्याला बंधनकारक करा. नाहीतर ती खबर रिसेलरच्या इनबॉक्समध्येच मुक्काम करील.

आणि मजकूर मराठीत हवा. दोन ओळी पुरतील: "तुमच्या सर्व्हरच्या पॅनेलमध्ये गंभीर त्रुटी सापडली आहे. आजच अपडेट करा. जमत नसेल तर लॉगिनचं पान फक्त तुमच्या आयपीपुरतं (इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्यापुरतं) उघडं ठेवा आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला आत्ताच फोन करा."

आपला,
तो फोन उचलणारा