ते गृहस्थ पुढच्या महिन्यापासून येत आहेत

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहिते. निर्णय झाला आहे. फसवणुकीची शिक्षा भोगून आलेले ते गृहस्थ आमच्या कंपनीत, घोटाळे कुठून होऊ शकतात ते दाखवणारे सल्लागार म्हणून येत आहेत. अण्णाकाकांच्या वेळचं सगळं तुम्हाला आठवलं असणार. मलाही आठवलं.

पण बाबा, ऑडिटर निवडक व्हाउचर तपासतो आणि भामटा नेमकं काय तपासलं जात नाही ते हेरतो. मंजुरीची मर्यादा 50,000 असली की एकाच कामाची 49,500 ची दोन बिलं येतात, म्हणजे वरची मंजुरी टळते. पुरवठादाराच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल येतो, क्लार्क मेलमधल्याच नंबरवर खात्री करतो आणि फोन तोच भामटा उचलतो. फोन करायचा तो आपल्याकडच्या जुन्या नंबरवर. शिवाय खातं बदलणारा आणि पैसे सोडणारा एकच माणूस नको. वसुली पाहणारा कधीच रजा घेत नसेल, तर त्याला सलग दोन आठवडे सक्तीने घरी पाठवायचं. एका ग्राहकाचे पैसे खिशात घातले, की ते दुसऱ्याच्या पैशांतून भरावे लागतात, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. ही फिरवाफिरवी रोज करावी लागते, खुर्चीवर दुसरं कोणी बसलं की उघडी पडते.

अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी 1953 मध्येच लिहून ठेवलंय, की विश्वासातला माणूस अफरातफर करतो ती तीन गोष्टी जुळल्या की: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि 'परत ठेवीन' अशी मनाची समजूत. यातली संधी तेवढी आपल्या हातात.

आई, माणूस खरंच सुधारतो का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतला बॅरी मिंको फसवणुकीच्या शिक्षेतून सुटल्यावर इतरांचे घोटाळे शोधून द्यायचा, तोच 2011 मध्ये पुन्हा दोषी ठरला. म्हणूनच आमच्या या गृहस्थांना पासवर्ड नाही, सहीचा अधिकार नाही, ग्राहकांची माहिती नाही. सोबत आमचा माणूस कायम राहील, आणि त्यांचं बिल मी एकटी मंजूर करणार नाही.

माझं जेवण, झोप वेळेवर आहे, रात्रीचा फोनही चुकणार नाही. बाबा, तुमच्या मांडीवर बसून मी रोजकीर्दीवर बोट फिरवायचे आणि फरक सापडेपर्यंत तुम्ही उठायचा नाहीत. तेच तर करतेय.

आता तुमचं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. घाई करणाऱ्याचा फोन ठेवायचा आणि पासबुकावरच्या नंबरवर आपण फोन लावायचा. बाबा, सही केलेले कोरे चेक कपाटातून काढून आजच फाडा. रागावू नका, सोयीसाठी ठेवलेत हे मला माहीत आहे. आई, तू समोर उभी राहा. आणि रक्तदाबाचा आकडा कळव, नुसतं 'बरं आहे' चालणार नाही.

तुमची लेक