कोळशाचं एक बेट आणि आपला नागपूरचा कोळसापट्टा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या नागपूरची कितीतरी पोरं सध्या शिकायला कॅनडात आहेत, त्यातली काही केप ब्रेटन बेटावर सिडनी म्हणून शहर आहे तिथल्या युनिव्हर्सिटीत, माझी भाचीपण तिथेच आहे. इकडे आईबापांना त्या जागेबद्दल एवढंच माहीत की थंडी फार, खोली लवकर मिळत नाही आणि पार्टटाइम जॉबसाठी वणवण. पण हे बेट पावणेतीनशे वर्षांच्या वर कोळशावर जगलंय आणि त्याची गोष्ट आपल्या उमरेड, सावनेर, कामठी, वणी, बल्लारपूरच्या इतकी जवळची आहे की मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांबलंय, काटछाट करायचीच झाली तर शेवटी म्युझियमबद्दल लिहिलंय तेवढं तरी ठेवा.

तिथे पहिली खाण फ्रेंचांनी 1720 मध्ये काढली, लुईबर्गचा मोठा किल्ला बांधणं चालू होतं त्याला कोळसा लागायचा म्हणून, समुद्राच्या कड्यातच कोळशाचा थर उघडा दिसत होता. पुढे इंग्रज आले, मग जनरल मायनिंग असोसिएशन नावाच्या लंडनच्या कंपनीची 1858 पर्यंत मक्तेदारी, मग 1893 ला बोस्टनच्या हेन्री व्हिटनीची डोमिनियन कोल कंपनी आणि 1901 पासून सिडनीचा पोलाद कारखाना. ग्लेस बे, न्यू वॉटरफर्ड, सिडनी माइन्स ही सगळी गावंच खाणीपायी मोठी झाली. थर अटलांटिक समुद्राच्या खाली उतरत गेले तसे बोगदेही त्यांच्या मागोमाग समुद्राखाली गेले, कामगार पाळीला लागला की समुद्राच्या तळाखालून काही किलोमीटर आत जायचा, म्हणजे डोक्यावर आधी खडक आणि त्याच्यावर अख्खा समुद्र.

माणसं कुठून कुठून आली बघा. स्कॉटलंडचे, आयर्लंडचे, फ्रेंच, इटालियन, पोलिश, युक्रेनियन, आणि बार्बाडोसहून आलेले काळे कामगार, ते कारखान्याला लागून व्हिटनी पिअर भागात राहायचे. आपल्या कॉलरीच्या म्हणजे कोळसा खाणीच्या वस्तीत ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे काही नवीन वाटणार नाही. माझे वडील कामठी पट्ट्यात कॉलरीत होते, आमच्या क्वार्टरच्या लाइनीत छत्तीसगडी, गोरखपुरी, बिहारी, तेलुगू, मराठी सगळे होते, प्रत्येकाच्या दारात कोळशाचा ढीग आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेगड्या एकदमच पेटायच्या, धुरात समोरचं घर दिसायचं नाही. पाळी सुटायचा भोंगा वाजला की आई पाणी तापायला ठेवायची. आणि भोंगा अवेळी वाजला तर अख्खी कॉलनी हातातलं काम टाकून खाणीच्या तोंडाशी पळायची, बाया चपला न घालता पळायच्या, कोणाचा नवरा कोणत्या पाळीत आहे हे सगळ्यांना पाठ असायचं.

केप ब्रेटनमध्ये कंपनीचा फास जास्त घट्ट होता. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, दुकानात उधारी आणि ती परस्पर पगारातून कापायची. घरभाडं, कोळसा, स्फोटाची दारू, डॉक्टर, दुकानाचं बिल असं सगळं वजा करून पाकिटात कधी कधी पैशांऐवजी फक्त कपातीचा कागद यायचा. 1921 च्या सुमारास सगळा धंदा बेस्को नावाच्या एकाच मोठ्या कंपनीकडे गेला आणि तिने पगार कापायला सुरुवात केली. जे. बी. मॅकलॅकलन हा युनियनचा पुढारी, स्वतः लहानपणापासून खाणीत राबलेला माणूस, 1923 मध्ये पोलिसांनी लोकांवर घोडे घातले त्याबद्दल त्याने पत्र लिहिलं म्हणून त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि तुरुंगात टाकलं. टिळकांच्या महाराष्ट्रात ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग 1925 चा संप. कंपनीने दुकानातली उधारी बंद केली, एका साहेबाने तर कामगारांना हे झेपणार नाही असं जाहीर बोलून दाखवलं. जूनमध्ये न्यू वॉटरफर्ड गावाचं पाणी आणि वीज दोन्ही तोडली, हॉस्पिटलसुद्धा त्यातून सुटलं नाही. 11 जूनला माणसं वीजघराकडे चालत गेली, कंपनीच्या घोडेस्वार पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात विल्यम डेव्हिस हा लेकुरवाळा खाणकामगार मेला. त्यानंतर लोकांनी कंपनीची दुकानं फोडली, जाळली, सैन्य आलं, आणि त्याच महिन्यातल्या प्रांताच्या निवडणुकीत 43 वर्षं सत्तेत असलेला पक्ष पडला. कंपनीची ती दुकानं नंतर कधीच उघडली नाहीत. आज शंभर वर्षं झाली तरी दर 11 जूनला तिथे डेव्हिस डे पाळतात, एका साध्या कामगाराच्या नावाने.

अपघात तर विचारूच नका. 25 जुलै 1917 ला न्यू वॉटरफर्डच्या खाणीत स्फोट झाला, 65 गेले. 24 फेब्रुवारी 1979 ला ग्लेस बेच्या 26 नंबर खाणीत 12 गेले. त्यांची नावं तिथे दगडावर कोरलेली आहेत, भाचीने फोटो पाठवले, कोणीतरी ताजी फुलं ठेवलेली होती.

आता मी विचारतो, 10 डिसेंबर 1954 ही तारीख नागपुरात किती जणांना माहीत आहे? त्या दिवशी छिंदवाड्याकडच्या पेंच खोऱ्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून 63 कामगार मेले. छिंदवाडा तेव्हा आपल्याच राज्यात, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर! आज तिथल्या काही खाणी वेकोलिकडेच (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) आहेत आणि वेकोलिचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये कोल इस्टेटला आहे. तरी त्या 63 जणांसाठी शहरात साधी पाटी मला तरी कुठे दिसली नाही. वरोऱ्याचंही तेच. 1870 च्या दशकात सरकारने तिथे खाण चालू केली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली, 1906 ला ती खाण बंद झाली. वरोरा म्हटलं की सगळ्यांना आनंदवन आठवतं आणि ते बरोबरच आहे, पण विदर्भात कोळशाचा धंदा जिथून उभा राहिला ती जागा म्हणून कोणाला आठवतं का?

केप ब्रेटनच्या खाणी 1960 च्या दशकात तोट्यात गेल्या. सरकारी आयोगाने सांगितलं हळूहळू बंद करा, म्हणून 1967 ला केंद्र सरकारने डेव्हको नावाचं महामंडळ काढलं, काम दोन, कोळसा आवरता घ्यायचा आणि लोकांना दुसरा रोजगार उभा करून द्यायचा. मधे तेलाचे भाव भडकले तशा उलट नव्या खाणी उघडल्या, पण शेवटी 2001 मध्ये प्रिन्स खाण बंद झाली आणि पोलाद कारखानाही त्याच वर्षी गेला. जवान पोरं कामासाठी पार पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतापर्यंत गेली. मागे राहिलं काय, तर सिडनीच्या मधोमध कारखान्याच्या डांबरी गाळाची तळी, सुमारे 7 लाख टन विषारी गाळ, तो बांधून झाकून तिथे पार्क करायला 2013 उजाडलं. नंतर डोंकिनला एक खासगी खाण 2017 ला चालू झाली पण छत कोसळण्याच्या प्रकारांमुळे थांबत थांबतच राहिली.

आपल्याकडेही अंडरग्राउंड खाणी एकेक करून बंद होत चालल्या आहेत, ओपनकास्ट म्हणजे वरून उघड्या खाणी वाढतायत, कायम कामगार रिटायर होतोय आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतोय. रोजगाराचं आणि जमिनीचं काय हा मोठा विषय आहे, त्यावर जाणकारांनी लिहावं. मला आत्ता एकच गोष्ट मांडायची आहे, ती ह्या लोकांच्या इतिहासाची, कारण बाकीच्या गोष्टींना कोणी ना कोणी वाली आहे, हिला नाही.

तिथे काय केलं ते सांगतो. ग्लेस बेला 1967 मध्ये खाणकामगारांचं म्युझियम उघडलं, म्हणजे खाणी बंद व्हायच्या चौतीस वर्षं आधी. म्युझियमच्या खालीच खाण आहे, हेल्मेट घालून खाली नेतात आणि नेणारा माणूस भाड्याचा गाइड नाही, तो स्वतः खाणीत काम केलेला असतो, छत कमी उंचीचं म्हणून तुम्हाला वाकून चालावं लागतं आणि तो असंच वाकून अख्खी पाळी कशी काढायचो ते सांगतो. तिथे मेन ऑफ द डीप्स म्हणून खाणकामगारांचा गाण्याचा ग्रुप आहे, 1966 पासून, डोक्यावर हेल्मेट आणि दिवा लावून स्टेजवर येतात.

सावनेरला वेकोलिचा इको पार्क आहे, चांगली गोष्ट आहे, शाळेच्या सहली जातात. त्याच्या जोडीला माणसांचं म्युझियम पाहिजे. मायनिंग सरदार, ओव्हरमॅन, लोडर, ट्रामर, शॉट फायरर, हे सगळे म्हातारे आत्ता सत्तरी-ऐंशीत आहेत, 1973 चं राष्ट्रीयीकरण आणि त्याच्या आधीचे मालक-ठेकेदारांचे दिवस पाहिलेली ही शेवटची पिढी, ह्यांच्या मुलाखती विद्यापीठाच्या पोरांनी रेकॉर्ड करायला काय हरकत आहे, मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात आहे. आपल्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या सेंट्रल म्युझियममध्ये, एक दालन कोळशाला द्यावं, आपल्या कामठीचं नाव तर भूगर्भशास्त्रात खडकांना दिलेलं आहे, पण तिथे दगडांच्या शेजारी माणसंही असावीत. आणि 10 डिसेंबरला युनियन, वेकोलि आणि महापालिका तिघांनी मिळून न्यूटन चिखलीच्या कामगारांची नावं वाचून दाखवावीत, सुरुवात ह्याच वर्षी करावी.

आपल्याला एक विनंती. वडिलांचं हजेरी कार्ड, पितळी टोकन, कॅप लॅम्प, जुने फोटो, युनियनची पत्रकं असं ज्यांच्या घरात असेल त्यांनी ते भंगारात देऊ नये असं आवाहन पेपरात चौकट करून छापा. आमच्या घरातलं जे आहे ते मी द्यायला तयार आहे, फक्त ते नीट ठेवणारी जागा कोणीतरी सांगा.

आपला,
एका कॉलरी कामगाराचा मुलगा,
मानेवाडा, नागपूर