गच्चीवरचं ऊन

पुणे, रविवार

प्रिय सुनंदा,

आम्ही सगळे बरे. आईंचे गुडघे तेवढे कुरकुरतात. फोनवर मावणारं नाही म्हणून लिहितेय: काल सोसायटीच्या सभेत गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचा ठराव पुन्हा पुढे ढकलला. रात्री झोप लागली नाही गं.

आपली गच्ची आठवते ना? टाक्यांच्या दक्षिणेची फरशी, जिथे आपण कुरडया घालायचो आणि तुझा निखिल अर्धा चीक तिथेच फस्त करायचा. तिथे दिवसभर सावली येत नाही. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट लागतात, म्हणजे 10 किलोवॅट आरामात बसतात. किलोवॅटमागे रोज सरासरी चारेक युनिट. पावसाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये भरपूर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतील. दिवसा उरलेली वीज वीज कंपनीच्या तारांत (ग्रीडमध्ये) जाऊन बिलातून वजा होईल. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 अनुदान आहे, महापालिका मिळकतकरात सवलत देते. सगळं मांडलं. कानडेकाका उठले, "एका गच्चीनं काय होणार?" म्हणाले, आणि लोक चपला शोधायला लागले.

हे वाक्य तुझं आहे, सुनंदा! वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेला बसून तू मला हेच ऐकवलं होतंस आणि रागाने एकटीच खाली उतरलीस. सरकार आणि कंपन्या हलत नाहीत तोवर आपण दिवे मालवून काय उपयोग, म्हणे. त्यात तथ्य होतं, आजही आहे. म्हणूनच मी घरातले दिवे मोजत नाही. जिथे चाळीस घरांचा निर्णय एकदम होतो तिथे जाऊन बसते. आपली बहुतेक वीज अजून कोळशाची, युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. 10 किलोवॅटचं गणित मांड, वर्षाला दहा टन वाचतात. नगरसेवकाकडे काही मागायला जायचं तर "आमच्या इमारतीने केलंय" म्हणता येतं, त्या बोलण्याला वजन असतं.

ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यालाही काकांचाच विरोध होता. वास येईल, उंदीर येतील. कचरा डेपोत दबून हवेविना कुजला की त्यातून मिथेन निघतो, हे सांगून ते बधले नाहीत. कचरा नेणाऱ्या मावशींनी पालापाचोळ्याचे थर कसे द्यायचे ते हाताने करून दाखवलं, तेव्हा बधले. आता खताची पहिली बादली त्यांच्या गुलाबांना जाते!

सोलरबाबत खरी काळजी वरच्या मजल्यावरच्यांची आहे. गच्ची गळेल ही त्यांची भीती खोटी नाही. स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवरही सांगाडा उभा राहतो, पण ते माझ्या तोंडून कुणाला पटत नाही. शिवाय निम्मे मालक परगावी, आणि भाडेकरूंना मत नाही.

तू मात्र कमाल केलीस. मला न सांगता नागपूरच्या घरावर 3 किलोवॅट बसवून 78,000 अनुदानही घेतलंस! हे मला तुझ्या जाऊबाईंकडून कळावं? भांडण आपण भेटल्यावर करू. निखिलचं जमलं का? नव्या शाळेत रुळलीस का? सविस्तर लिही.

आणि सगळ्यात आधी, सोलर बसवण्यापूर्वीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही मे महिन्यांची वीजबिलं पाठव. सांगाडा गच्चीला कसा टेकवलाय त्याचे जवळून फोटोही हवेत. पुढची सभा दिवाळीआधी आहे, आणि काकांचा कागदावर विश्वास आहे.

तुझी,
मंजू